किल्लीवाला जेवायला गेलाय

इलेक्ट्रिक गाडी घेतली की माणसाचा भूगोल सुधारतो. पेट्रोलवाल्याच्या लेखी पुणे ते सातारा हा एक सरळ रस्ता असतो; मधे खंबाटकी येते, तिथे ट्रक अडतात, एवढंच त्याला माहीत. इलेक्ट्रिकवाल्याला विचारा. कात्रजला किती गेले, शिरवळपर्यंत किती टिकले, खंबाटकीने किती खाल्ले आणि उतारावर त्यातले किती परत केले, हे तो तारखेनिशी सांगेल. किलोमीटर ही भाषाच तो विसरतो. "चिपळूण अजून किती लांब?" असं मागच्या सीटवरून विचारलं की उत्तर येतं, "एकतीस टक्के."

या माणसाला सरकारने बरंच काही दिलं आहे. हिरवी नंबरप्लेट दिली. गाडीवरचा जीएसटी २०१९ साली १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांच्यावरचा टोल माफ केला. म्हणजे जायला रस्ता मोकळा आणि फुकट. आता फक्त पोचायचं कसं, एवढाच प्रश्न उरला.

फोनमधलं ॲप उघडलं तर हा प्रश्न उरलाय असं मुळीच वाटत नाही. महाराष्ट्र हिरव्या ठिपक्यांनी नुसता फुललेला असतो. गाडी विकणारा तरुण हाच नकाशा दाखवतो, आणि दाखवताना दोन बोटांनी तो बारीक करतो. बारीक केला की ठिपके एकमेकांना चिकटतात, आणि पुण्याहून रत्नागिरीपर्यंत चार्जरवरून चार्जरवर उड्या मारत जाता येईल असं वाटायला लागतं. गाडी चालवणाऱ्याला मात्र नकाशा मोठा करूनच बघावा लागतो. मोठा केला की ठिपक्यांच्या मधे तालुके दिसायला लागतात.

बरं, ठिपका म्हणजे चार्जरच असेल असंही नाही. एक ठिपका शोधत मी एका किराणा दुकानापाशी पोचलो. दुकानाच्या भिंतीवर, साबणाच्या जाहिरातीखाली, एक सोळा अँपियरचं सॉकेट होतं. स्कूटरवाल्यांसाठी. ते देतं जास्तीत जास्त ३.३ किलोवॅट. माझ्या गाडीची बॅटरी चाळीस युनिटांची. भागाकार केला तर बारा तास. दुकानदार मनाने फार चांगला. "लावा की," म्हणाला, "आम्ही रात्री साडेनऊपर्यंत आहोत." सकाळी साडेनऊला लावली असती तर जमण्यासारखं होतं.

दुसरा एक प्रकार आहे तो ऐतिहासिक. २०१७ साली केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली होती. सरकारी साहेबांना त्यातून फिरवायचं होतं. त्या काळच्या गाड्यांसाठी 'भारत डीसी-००१' नावाचे पंधरा किलोवॅटचे चार्जर ठिकठिकाणी उभे राहिले. पुढे बाजारातल्या बहुतेक मोटारींनी सीसीएस-टू नावाची दुसरीच गन स्वीकारली. (चार्जरच्या वायरीच्या टोकाला जे असतं त्याला सगळे गनच म्हणतात. पहिल्यांदा "साहेब, गन काढा आणि खोचा" असं ऐकलं तेव्हा आई गाडीतून उतरायला तयार नव्हती.) तर या जुन्या चार्जरची गन आजच्या गाडीत बसत नाही. पण डबा उभा असतो, त्यावर दिवा लागलेला असतो आणि ॲपमध्ये तो कायम 'उपलब्ध' दाखवतो. उपलब्ध असणारच. कुणाला लागतच नाही, तर अडवणार कोण?

मग शोरूममधले चार्जर. हे असतात चांगले, पण तिथे गेलं की आधी गाडीचं गोत्र विचारतात. आपली गाडी त्यांच्या कंपनीची नसली तर रखवालदार अशा नजरेने बघतो, की लग्नात न बोलावता आलो असं वाटतं. गाडी त्यांचीच निघाली, तर तो रविवार असतो. आणि शेवटी ते 'लवकरच सुरू' वाले. चकचकीत नवं यंत्र, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, समोर रंगवलेली पार्किंगची जागा, वर सुंदर छप्पर. यायचं असतं ते फक्त विजेचं कनेक्शन. एका ठिकाणी छपराखाली हॉटेलवाल्याने टेबलं मांडली होती. जागा छान सावलीची होती, वडापावही उत्तम मिळाला.

एवढ्या चाळणीतून खरा, आपल्या गनचा, उद्‌घाटन झालेला चार्जर सापडला की नवखा माणूस सुटकेचा श्वास सोडतो. मुरलेला सोडत नाही. चार्जर सापडणं आणि चार्जिंग होणं यांच्यामध्ये रखवालदार उभा असतो.

"साहेब, ते बंद आहे."

"कधीपासून?"

"मी आल्यापासून."

"तुम्ही कधी आलात?"

"आज सकाळी."

याच्या मागची हकिगत काढायला मला हल्ली आवडतं. यंत्र स्वतः फार क्वचित बिघडलेलं असतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या भोवतीचं सगळं. उदाहरणार्थ, ते लाल बटण. प्रत्येक चार्जरवर तळहाताएवढं लाल, गोल, फुगीर बटण असतं. धोका दिसला तर वीज ताबडतोब तोडण्यासाठी. आता हॉटेलच्या आवारात, मुलांच्या उंचीवर, असं बटण ठेवल्यावर दुसरं काय होणार? सहलीची बस थांबते, पोरं उतरतात, त्यातलं एक बटण दाबतं, बस निघून जाते. चार्जर पुढचे काही दिवस मृतावस्थेत. रखवालदार सांगतो 'बंद आहे', ॲप सांगतं 'बिघाड', येणारे गाडीवाले हळहळून पुढे जातात. ते बटण उजवीकडे फिरवलं की टक्‌ करून वर येतं आणि यंत्र जागं होतं. ही विद्या मला एका टॅक्सीवाल्याने दिली. एका आवारात मी ती वापरली तेव्हा रखवालदाराने मला हात जोडले आणि चहा पाजला. निघताना विचारलं, "साहेब, आतली लिफ्टपण बघता का जरा?"

बटण ठीक असेल तर एमसीबीच्या पेटीला कुलूप असतं. यात रखवालदाराची चूक नाही. पेटी उघडी ठेवली तर मांडववाले तिच्यातून हॅलोजन जोडतात. म्हणून कुलूप, आणि कुलूप म्हटलं की किल्ली, आणि किल्ली म्हटली की ती ज्याच्याकडे असते तो माणूस. तो जेवायला गेलेला असतो. मी दुपारी एकला पोचलो तर तो जेवायला गेलेला असतो, हे समजू शकतं. मी सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहालाही पोचून बघितलं आहे. महाराष्ट्रात एवढं चौरस जेवणारा दुसरा वर्ग मला तरी ठाऊक नाही.

किल्ली मिळाली की जागा नसते. चार्जरसमोरची जागा हिरव्या रंगाने रंगवलेली असते, वर 'फक्त इलेक्ट्रिक वाहनांसाठी' असं लिहिलेलं असतं, आणि त्या अक्षरांवर एक डिझेलची एसयूव्ही उभी असते. सावलीत असते ना. मालक वरच्या मजल्यावर सिनेमा बघत असतो. माइकवरून गाडीचा नंबर पुकारायची विनंती केली तर मॉलमधली मुलगी गोड आवाजात पुकारते; पण सिनेमागृहात तो आवाज जात नाही, आणि जात असता तरी मध्यंतराआधी कोण उठणार? एकदा एक गृहस्थ आलेही. मी नम्रपणे म्हणालो, "ही चार्जिंगची जागा आहे." ते तितक्याच नम्रपणे म्हणाले, "हो का? मग करा ना. मी कुठे नको म्हणतोय?"

मॉल हा तर स्वतंत्र प्रांत आहे. तिथले चार्जर तळघरात, तिसऱ्या पातळीवर. चार्जर सुरू होतो ॲपने, ॲप चालतं इंटरनेटवर, आणि तळघरात फोनला रेंज नसते. बऱ्याचदा चार्जरच्या पोटातही एक सिमकार्डच असतं. त्यालाही रेंज नसते. दोन मुके एकमेकांसमोर उभे. मग ओटीपी आणायला मी जिन्याने वर जातो, तो घेऊन धावत खाली येतो, तोवर त्याची मुदत संपलेली असते. ग्राहकसेवेतली मुलगी धीर देते. "सर, आपण मशीनसमोरच उभे आहात ना?" समोर उभा राहिलो तर फोन लागत नाही आणि फोन लागला तर मी कपड्यांच्या सेलसमोर उभा असतो, हे तिला कसं समजवायचं?

पैशाचंही एक प्रकरण आहे. पेट्रोल पंपावर नोट दिली, पेट्रोल घेतलं, संबंध संपला. इथे प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, त्यात वेगळं पाकीट, आणि पाकिटात आधी पैसे भरायचे. लागतात दोनशे सदतीस, भरावे लागतात पाचशे. उरलेले तिथेच राहतात. त्या कंपनीचा पुढचा चार्जर आपल्या वाटेवर येईलच असं नसतं. आज माझे पैसे अशा अनेक पाकिटांतून महाराष्ट्रभर पसरलेले आहेत. कुठे त्रेसष्ट रुपये, कुठे एकशे अठरा. मृत्युपत्र करायची वेळ आली तर वकिलाला त्याची स्वतंत्र पुरवणी जोडावी लागेल. शिवाय घरी जी वीज साधी वीज असते तीच इथे 'सेवा' होते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच सांगून ठेवलंय की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे. त्यामुळे चार्जर टाकायला परवाना लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण विजेवर जीएसटी नाही, सेवेवर आहे, १८ टक्के. किल्लीवाला घास गिळत येतो ती ही सेवा असावी.

अखेर गन खोचली जाते. यंत्रात पंखे घोंघावतात, गाडीत निळा दिवा लुकलुकतो, पडद्यावर आकडे चढायला लागतात. या क्षणाला जो आनंद होतो तो पेट्रोलवाल्याच्या नशिबी नाही, हे मी त्यांना नेहमी ऐकवतो. ते "असेल" म्हणतात.

आता इथून पुढे शिष्टाचार सुरू होतो, आणि मला विचाराल तर इलेक्ट्रिक मोटारीचा सगळ्यात रंगतदार भाग हाच. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते. त्यानंतर ती स्वतःच वेग कमी करायला सांगते. वरचे वीस टक्के भरायला खालच्या पन्नासाएवढा वेळ लागू शकतो. म्हणून जाणत्याने ऐंशीला उठावं असा संकेत आहे. पंगतीत ताक-भात झाला की पाट सोडावा, मागे दुसरी पंगत खोळंबलेली असते, तसंच हे. पण पंगतीतही एखादा असतोच, जो ताक-भातानंतर पुन्हा जिलबी मागवतो. तसे इथे शंभर टक्केवाले असतात. ब्याण्णववर गाडी असते, मागे तीन गाड्या थांबलेल्या, आणि हे गृहस्थ डोळे मिटून सीट मागे टाकून पडलेले. काचेवर टकटक केली तर एक डोळा उघडून म्हणतात, "पूर्ण भरलेली बरी असते. पुढे काही भरवसा नाही." आणि पुढे भरवसा का नाही? कारण पुढच्याही चार्जरवर असेच एक गृहस्थ पहुडलेले असतात.

साठ किलोवॅटच्या यंत्राला दोन गना असतात. तुम्ही एकटे असाल तर साठच्या साठ तुमचे. दुसरा आला की बहुतेक यंत्रं तीस-तीस वाटून देतात. त्यामुळे हिरव्या पाटीची गाडी आवारात शिरताना दिसली की आधी लावलेल्याचा चेहरा उतरतो. तोंडाने "या या, लावा" म्हणायचं आणि नजर पडद्यावरच्या घसरत्या आकड्यावर. भावकीतली वाटणी मी लहानपणी जवळून बघितलेली आहे; त्यात निदान तलाठी असायचा.

चार्जिंग पन्नास मिनिटं चालतं. मिसळ संपायला पंधरा लागतात. उरलेल्या पस्तीस मिनिटांत हॉटेलमध्ये बसलं की काहीतरी मागवावं लागतं, नुसतं बसून कसं चालेल? म्हणून मग कांदाभजी, मग चहा, मग मुलांना आइस्क्रीम, मग परत चहा. गाडीचा खर्च किलोमीटरला दोन रुपये येतो असं मी सगळ्यांना सांगतो. त्यात भजी धरलेली नसतात. पोट सुटतंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांना सांगितलं, गाडी बदलल्यापासून.

हॉटेलात बसायचं नसेल तर गाडीपाशी उभं राहावं लागतं आणि गाडीपाशी उभं राहिलं की माणसं जमतात. हे मुंबईत होत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपले चार्जर टाकले. तिथे कुणी थांबून विचारत नाही. पण उंब्रज, पाटण, लांजा, कणकवली अशा गावी गन खोचलेली गाडी म्हणजे करमणूक. प्रश्न ठरलेले. "एकदा फुल केली की किती जाते?" आकडा सांगितला की मान हलते, जणू मी थोडा खोटा बोललो हे त्यांनी समजून घेतलं. "पावसात करंट बसतो का?" "बॅटरी गेली तर किती लागतात?" हा आकडा सांगितला की चेहऱ्यावर समाधान पसरतं. मग एखादा पुढे होऊन गाडीला एक फेरी मारतो, टायरवर बूट आपटतो आणि सगळ्यांच्या वतीने निकाल देतो, "सीएनजीच बरी." सीएनजीच्या रांगेत तास-तास उभी राहणारी ही माणसं मला धीर देऊन जातात.

या विषयावरचा माझा सगळ्यात लांबचा अभ्यास झाला तो कुंभार्ली घाटात. चिपळूणला काकांकडे निघालो होतो. मी, बायको आणि माझे बाबा. बेत असा की उंब्रजला हायवे सोडायच्या आधी एका हॉटेलात चार्जिंग करायचं, मग मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत घाट उतरायचा. हॉटेलात पोचलो, चार्जर होता, जागा रिकामी होती, किल्लीवालासुद्धा जागेवर होता. एवढं सगळं जुळून आल्यावर मला शंका यायला हवी होती. गावाची वीज गेली होती. हॉटेलात दिवे होते, पंखे होते, मिक्सर फिरत होता. ते सगळं जनरेटरवर. चार्जर मात्र जनरेटरला जोडलेला नव्हता. मालक म्हणाले, "साहेब, तुमची गाडी लावली तर आमचा फ्रीज बसेल." लाइट कधी येईल विचारलं, तर त्यांनी आकाशाकडे बघितलं.

पुढे निघालो. एसी बंद केला, काचा खाली केल्या, वेग पंचेचाळीसवर आणला. मागून ट्रॅक्टर हॉर्न द्यायला लागले. बाबांना हे सगळं अनाकलनीय होतं. "आमच्या चेतकला रिझर्व्ह असायचा," ते म्हणाले. "तोही संपला तर स्कूटर आडवी करायची. टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल उतरायचं आणि दोन-तीन किलोमीटर सहज जायची. हिला आडवी करता येते का?" बायको म्हणाली, "बाबा, त्यांना सुचवू नका."

बाबांना मी बर्था बेंझची गोष्ट सांगितली. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता त्याची नवी मोटार आणि दोन मुलगे घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्टसहाइमला, शंभरेक किलोमीटर दूर, माहेरी निघाली. जगात पेट्रोल पंप नावाची चीजच नव्हती. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख नावाच्या गावी तिने औषधांच्या दुकानात गाडी नेली आणि लिग्रोइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला ते वापरत. तिथलं शिल्लक होतं नव्हतं ते घेऊन ती पुढे गेली. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे पेट्रोलच्या गाडीलाही सुरुवातीला असंच दारोदार मागत फिरावं लागलं होतं, असा माझा मुद्दा. बाबांनी नीट ऐकून घेतलं. "पण तिला मिळालं ना?" ते म्हणाले.

पाटण मागे पडलं. उजव्या हाताला, डोंगराच्या सड्यांवर पवनचक्क्यांची रांग सावकाश फिरत होती. सातारा जिल्ह्यातल्या त्या पठारांवर किती तरी वर्षं त्या वीज बनवतायत. पुढे कोयनानगर. धरणाच्या पाण्याकडे बघताना मला एकदम भरून आलं, आणि हे निसर्गप्रेम नव्हे. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. महाराष्ट्राचे दिवे या पाण्यावर लागत आले. हेच पाणी डोंगरातल्या बोगद्यांमधून घाटाखाली जातं, पोफळीला डोंगराच्या पोटात वीजगृह आहे, आणि १९९९ साली तर जलाशयाच्या तळाला सुरुंग लावून चौथ्या टप्प्याला पाणी दिलं. आमच्या गाडीच्या चाकांखाली, खडकाच्या त्या बाजूला, टर्बाइनं गरगरत असतील. वर गाडीत नऊ टक्के. डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा मुंबईकडे धावत होत्या, बहुधा कुणाच्या तरी एसीसाठी. जेवणाच्या ताटांमधून वाट काढत उपाशी हिंडावं असा तो रस्ता.

आणि मग घाट उतरायला लागला. उतारावर इलेक्ट्रिक गाडीचा पाय सोडला की तिची मोटार उलटी जनित्रासारखी चालते आणि बॅटरीत वीज परत भरते. तो आकडा मी आयुष्यात इतक्या प्रेमाने बघितलेला नाही. नऊ. तीन वळणांनंतरही नऊ. मग दहा. बाबा पुढे वाकून बघायला लागले. धुक्यातून खाली कोकण दिसत होतं आणि आम्ही तिघं पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. घाट संपला तेव्हा अकरा. कुणीही न मागता, ओटीपीशिवाय, पाकिटाशिवाय, किल्लीशिवाय दोन टक्के मिळाले होते. "म्हणजे चालू असलेला चार्जर हा एकच म्हण की," बाबा म्हणाले. परत जाताना हाच घाट ते दोन टक्के चक्रवाढ व्याजासकट वसूल करतो, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

सरकारी कागदावर अंतरं नेटकी आहेत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना म्हणत होत्या, शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला एक स्टेशन हवं. राज्याच्या नव्या धोरणातही महामार्गासाठी पंचवीसच. मला पंचवीस चालेल, पन्नाससुद्धा चालेल. फक्त मोजणाऱ्याने डबे मोजू नयेत, त्या दिवशी त्यातून प्रत्यक्ष चार्ज होऊन गेलेल्या गाड्या मोजाव्यात. आणि जमलं तर किल्लीच्या दोन प्रती काढाव्यात.

चिपळूणला काकांच्या घरी पोचलो तेव्हा गाडीत पाच टक्के आणि माझ्यात तेवढेच. काकांकडे ओटीवर पंधरा अँपियरचं सॉकेट आहे, त्यावर पूर्वी पिठाची घरगुती गिरणी चालायची. गाडीबरोबर मिळालेला चार्जर लावला, तर लाल दिवा. अर्थिंग नाही. भिंतीतलं अर्थिंग कागदोपत्री होतं, पण गाडी कागदपत्रं बघत नाही. गावातला वायरमन आला, परसातला अर्थिंगचा खड्डा शोधला. त्यावर काकूंनी अळू लावलं होतं. अळू निघालं, मीठ आणि कोळसा पडला, चार बादल्या पाणी ओतलं, आणि हिरवा दिवा लागला. त्या रात्री गाडी भरत होती आणि काका दर तासाला उठून खड्ड्यात तांब्याभर पाणी घालत होते.

काकांना हा विषय तेव्हापासून जो लागला तो लागलाच. घरचं सॉकेट ॲपवर नोंदवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पैसे घेऊन वापरायला देता येतं, हे त्यांच्या नातवाने त्यांना सांगितलं. त्यांनी नोंदवलं. आता नकाशावर चिपळूणच्या बाजूला एक ठिपका वाढला आहे. इतर ठिपक्यांखाली गाडीवाल्यांचे शेरे असतात, गन हलते, रेंज नाही, वगैरे. काकांच्या ठिपक्याखाली उकडीच्या मोदकांचं कौतुक आहे. ओटीवर गाडी लावली की काका आधी "कुठले तुम्ही?" विचारतात, मग मूळ गाव, मग तिथले अमुक तुमचे कोण. सॉकेट मंद आहे, वेळ भरपूर असतो, आणि बहुतेक वेळा नातं निघतंच. लाल बटण नाही. किल्ली काकूंच्या कमरेला. त्यांची एकच तक्रार आहे. "हल्लीचे लोक ऐंशी टक्क्यांवर उठून जातात रे. पानं वाढलेली असतात, आणि ऐंशी झाले म्हणून निघतात. कुणी शिकवलंय त्यांना हे?"

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांचा टोल सरकार दरवर्षी माफ करतं. चार्जरचं तसं काही करता येत नाही; एरवी वर्षभर ओस पडलेले चार्जर त्या दोन दिवसांत सगळ्यांना एकाच वेळी लागतात. म्हणून यंदा मी महिनाभर आधीच काकांना फोन केला. म्हटलं, चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचतोय, गाडी ओटीवर लावेन.

"ये की," काका म्हणाले. "तुझं घर आहे. पण सॉकेटचं ॲपवर बघ हो. ती रात्र ठाण्याच्या एकांनी घेतलेली दिसतेय. पहाटे चारचा स्लॉट मोकळा आहे, टाकून ठेव. आणि वॉलेटात पैसे आहेत ना रे तुझ्या?"